गॉर्डन हॉलची मुंबई ते शरणपूर: मिशनच्या वाटेवरचे पाच दिवस

मुंबई, पुणे, केडगाव, नगर आणि नाशिक असा हा वळसा आहे. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मिशनांचा पहिला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास एवढ्या वाटेवर बराचसा पायाखालून जातो. निघण्याआधी थोडी तयारी लागते. ती केली नाही तर पाच दिवसांत पाच बंद फाटकं पाहून परत यावं लागतं.

आधी पत्रं लिहावीत. चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या वेगवेगळ्या असतात. त्या पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) ताब्यात असतात आणि दारात उभं राहून मागितल्या तर मिळत नाहीत, मिळूही नयेत. दोन-तीन आठवडे आधी लिहावं, आणि पत्रात आडनाव, गाव व दहा वर्षांचा टप्पा नेमका द्यावा. ‘जुन्या सगळ्या वह्या पाहायच्या आहेत’ असं लिहिलं की उत्तर येत नाही, कारण तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. पत्र कोणाला पाठवायचं, इथेही घोटाळा होतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यामुळे जुन्या अहवालांतली अमेरिकन, स्कॉटिश किंवा इंग्लिश मिशनची मंडळी आज बहुतेक ठिकाणी सी.एन.आय.च्या पाटीखाली सापडते.

दुसरी अडचण गावांच्या नावांची. पंडिता रमाबाईंचं केडगाव दौंड तालुक्यात आहे, पण नगर शहराला लागूनही एक केडगाव आहे. मिशनचं वडाळा म्हणजे नेवासे तालुक्यातलं वडाळा बहिरोबा. मुंबईतलं वडाळा वेगळं आणि श्रीरामपूरजवळचं वडाळा महादेव त्याहून वेगळं. जुन्या मराठी ग्रंथसूचींत ‘श्रीरामपूर’ छापलेलं दिसलं तर ते बंगालमधलं हुगळीकाठचं सेरामपूर समजावं. तिथला मिशनरी विल्यम केरी याचं मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि मोडी खिळ्यांत (छपाईच्या धातूच्या अक्षरांत) छापलेला मराठी कोश 1810 मध्ये निघाला तो तिथून. या कामात त्याच्यासोबत वैजनाथ पंडित होते. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपुराचा त्याच्याशी काही संबंध नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. त्यातही 20 डिसेंबर ते 2 जानेवारी टाळावं, कारण नाताळाच्या धामधुमीत कोणालाही वह्या काढायला सवड नसते. सामानात मऊ केसांचा रुंद ब्रश, साध्या पाण्याची फवारणीची बाटली, लहान टॉर्च आणि हात-आरसा असावा. हे सगळं चौथ्या दिवशी लागेल.

दिवस पहिला: मुंबई

सकाळी चर्नी रोड स्टेशनला उतरून चौपाटीकडे चालत निघालं की विल्सन कॉलेज लागतं. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ही इमारत 1889 सालची आहे, पण संस्था त्याहून जुनी. जॉन विल्सन स्कॉटलंडहून फेब्रुवारी 1829 मध्ये मुंबईत उतरला आणि 1832 मध्ये त्याने आंब्रोळीची इंग्रजी शाळा काढली. तिचंच पुढे हे कॉलेज झालं. मुलींच्या शाळा उभ्या केल्या त्या त्याची बायको मार्गारेट हिने, आणि 1835 मध्ये ती वारलीही. विल्सनने 1835 मध्ये गिरनारच्या अशोक-लेखाचा ठसा करवून घेतला आणि तो कलकत्त्याला ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपच्या उपयोगी पडला. धर्मप्रसारक आणि प्राच्यविद्येचा अभ्यासक हे दोन्ही एकाच माणसात होते. यातलं एकच पाहणारा विल्सन अर्धाच पाहतो.

रस्ता ओलांडून वाळूवर यावं. 1857 च्या पहिल्या पाच महिन्यांत हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद समुद्रकिनारी होत. मिशनऱ्यांकडून जॉर्ज बोवेन पुढे असे, आणि पुढे या वादांचा वृत्तांत छापूनही निघाला. मिशनरी बोलले आणि लोकांनी मुकाट ऐकलं, हे चित्र मुंबईपुरतं तरी खोटं आहे. त्याच्याही आधी, 1831 मध्ये, मोरभट दांडेकरांनी विल्सनला लेखी उत्तर दिलं होतं. 1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहिला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने मुलाला वडिलांच्या हवाली केलं. त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावली. नारायण शेषाद्री मात्र मिशनमध्येच राहिले आणि पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत उभी केली.

दुपारी भायखळा-नागपाडा. इथे विषय येतो अमेरिकनांचा. परदेशांत मिशनरी पाठवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने 1812 मध्ये पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट आधी कलकत्त्याला पोचले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, आणि त्याच वर्षी इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटल्याने तर हे दोघं शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. फेब्रुवारी 1813 मध्ये ते मुंबईत आले तेव्हा त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचा हुकूम त्यांच्या मागोमाग आलाच. ते गुपचूप कोचीनपर्यंत निसटले, तिथे पकडले गेले आणि परत आणले गेले. त्याच वर्षी कंपनीची सनद नवी झाली, तिच्यात मिशनऱ्यांना वाट मिळाली आणि मुंबईत राहणं शक्य झालं. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात इथून मोजतात.

या मिशनचा मराठीवरचा खरा ठसा छापखान्याचा आहे. होरॅशियो बार्डवेल हा छपाई जाणणारा मिशनरी 1816 मध्ये आला आणि 1817 पासून मराठी मजकूर छापून बाहेर पडू लागला. 1826 मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत निघाला. अडचण होती खिळ्यांची. रोमन लिपीची केस, म्हणजे खिळे ठेवायची कप्प्यांची पेटी, शंभर-दीडशे घरांत भागते. देवनागरीत प्रत्येक व्यंजनाला काना, मात्रा, वेलांट्या आणि उकार लागतात, वर जोडाक्षरं. प्रत्येक रूपाचा अखंड खिळा पाडायचा तर खिळे जुळवणाऱ्या कंपॉझिटरला एका जागी बसून हात पुरणार नाही. त्यावरचा उपाय म्हणजे अक्षराचे तुकडे करणं: अर्धा ‘ग’ वेगळा, काना वेगळा, दोन्ही शेजारी बसवले की पुरा ‘ग’. याने घरं कमी होतात, पण सांधा नीट बसला नाही तर शिरोरेषा तुटलेली दिसते. जुनं छापील पान हातात आलं की आधी शिरोरेषा पाहावी. कुठे तुटते त्यावरून खिळ्यांची घडण कळते.

टॉमस ग्रॅहम याच छापखान्यात तयार झाला आणि त्याने मराठीचे सुबक खिळे पाडले. त्याच्या हाताखाली पोरवयात शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला. अवघ्या देशातले संस्कृत पंडित ज्याच्या शुद्ध छपाईची ग्वाही देत, त्या निर्णयसागराची कारागिरी मिशनच्या खिळ्यांवर शिकलेली आहे. गणपत कृष्णाजींनीही मिशनची छपाई पाहूनच शिळाप्रेस उभा केला आणि 1831 मध्ये पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी सोवळ्यात चालत नव्हती, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली. मिशनचा हेतू धर्मांतराचा होता हे लपवण्यासारखं नाही, त्यांनीही ते कधी लपवलं नाही. पण हत्यार एकदा गावात आलं की ते गावाचं होतं.

नागपाड्यातच 1927 मध्ये याच मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्टने ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ सुरू केलं. त्याच वास्तूत 1936 मध्ये समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

दिवस दुसरा: पुणे

सकाळच्या गाडीने पुणे. दिवस हलका ठेवावा, कारण पाहायच्या जागा थोड्या आणि पेठांतली रहदारी फार. जोतीराव फुले 1841 पासून स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तिच्यामागची एक प्रेरणा मात्र नगरची. ती चौथ्या दिवशी येईल.

गुरुवार पेठेतलं पंचहौद चर्च पाहावं. इमारत 1880 च्या दशकातली आहे आणि मिशन हाय-चर्च अँग्लिकनांचं (इंग्लंडच्या चर्चमधल्या, जुन्या विधींना धरून असलेल्या गटाचं), म्हणजे अमेरिकनांपेक्षा अगदी निराळ्या वळणाचं. ऑक्टोबर 1890 मध्ये इथे व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं दिली गेली, आणि हजर असलेल्यांवर, त्यांत रानडे आणि लोकमान्य टिळकही, ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण) आलं. हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो आणि पुण्याचं मिशन म्हटलं की तोच सांगितला जातो. त्याच मिशनने शेजारच्या वस्तीत शाळा चालवल्या, दवाखाने चालवले, ते मात्र या चहाच्या वाफेत दिसेनासं होतं. मुक्काम पुण्यातच.

दिवस तिसरा: केडगाव आणि नगरची वाट

पुणे-दौंड मार्गावरची साधी गाडी घ्यावी. बहुतेक एक्सप्रेस केडगावला थांबत नाहीत आणि ‘दौंडला उतरून मागे येऊ’ या हिशेबात अर्धा दिवस जातो. तिकीट काढताना ‘दौंडच्या अलीकडचं केडगाव’ असं स्पष्ट सांगावं.

पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन हे आजही स्त्रिया आणि मुलींचं घर आहे, संग्रहालय नाही. आगाऊ परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये, राहणाऱ्यांचे फोटो काढू नयेत आणि ‘तुम्ही इथे कशा आलात’ हा प्रश्न कोणालाही विचारू नये. सोबत घेऊन फिरवणारं माणूस दाखवेल तेवढं पाहावं.

रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. सदनातल्या मुली ख्रिस्ती होतात म्हणून गदारोळ झाला आणि पाठिराखे दूर गेले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि विधवांसाठी केडगावची जमीन कामी आली. 1900 च्या सुमाराच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. शेती, विणकाम, छपाई अशी कामं याच मुली शिकल्या.

रमाबाई कोणत्याही परदेशी सोसायटीच्या नोकर नव्हत्या. पैसा बाहेरून आला, पण कारभार त्यांचा. मिशनरी सोसायट्यांच्या याद्यांत त्यांचं नाव शोधणारा म्हणूनच चुकतो. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, कारण चालू भाषांतर संस्कृतप्रचुर होतं आणि खेड्यातल्या बाईला समजत नव्हतं. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा भाषांतराचं काम त्यांच्या हातून पुरं झालेलं होतं. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये छापून झाला. तिथे प्रत पाहायला मिळाली तर सोबत बायबल सोसायटीची मराठी प्रत ठेवावी आणि लूकचा पंधरावा अध्याय, उधळ्या मुलाची गोष्ट, दोन्हींत वाचावा. भाषेची उंची कुठे उतरवली आहे ते चार ओळींत कळतं. आज उपासनेत वाचली जाते ती मात्र सोसायटीची प्रत.

केडगावहून दौंडला येऊन नगरची गाडी धरायची. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या काही गाड्या दौंड जंक्शनात न शिरता दौंड कॉर्ड लाइन या वेगळ्या स्टेशनवरून जातात. तिकिटावरचं स्टेशनाचं नाव वाचूनच फलाट गाठावा.

दिवस चौथा: नगर

हा प्रवासातला सगळ्यांत भरगच्च दिवस. शहराचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण ग्रंथालयांच्या सूचीत जुनंच नाव शोधावं लागतं, तेही तऱ्हेतऱ्हेच्या इंग्रजी वर्णलेखनांत. अमेरिकन बोर्डाची मूळ पत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. तिथल्या सूचीत नगरच्या शेवटी ‘नगर’ऐवजी ‘नग्गर’ असं वर्णलेखन करून पाहिलं नाही, तर निम्मी पत्रं हाती लागत नाहीत.

अमेरिकन इथे डिसेंबर 1831 मध्ये आले: ग्रेव्ह्ज, रीड, हर्वे आणि त्यांच्यासोबत बाबाजी हा ब्राह्मण ख्रिस्ती. पाच-सहा महिन्यांत हर्वे पटकीने गेला. 1833 मध्ये पहिली मंडळी, म्हणजे एका चर्चचा सभासद-समुदाय, स्थापन झाली. सकाळ या पहिल्या मंडळीसाठी ठेवावी, नंतर ह्यूम मेमोरियल चर्च. ह्यूम घराणं मुंबई-नगरचं जुनं मिशनरी घराणं. त्यातला रॉबर्ट ह्यूम मुंबईतच जन्मलेला, आणि नगरचं धर्मशिक्षणाचं विद्यालय त्याने 1878 मध्ये सुरू केलं.

सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका 1827 मध्ये मुंबईत आली, 1839 मध्ये नगरला गेली आणि 1862 मध्ये मरेपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिली. तिच्या शाळा जोतीरावांनी येऊन पाहिल्या, आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्यामागे ते पाहणं होतं. त्यांनी स्वतःच हे 1853 मध्ये मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाला सांगितलं. सावित्रीबाईंचं अध्यापन-प्रशिक्षणही फरारबाईंकडे झाल्याचं सांगितलं जातं. ‘ज्ञानोदय’ नगरलाच जून 1842 मध्ये निघाला आणि तो आजही चालू आहे.

जुने अंक चाळताना तारखांकडे लक्ष असू द्यावं. मराठी मजकुरात शके असेल तर 78 मिळवायचे, पण जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर 79. हे चुकलं की माणूस बाप्तिस्म्याच्या आधीच पाळक झालेला दिसतो.

1854-55 मध्ये बोस्टनहून बोर्डाचा सचिव रूफस अँडरसन पाहणीला आला. इंग्रजी शाळांवर पैसा घालवू नका, छापखाना आटोपता घ्या, एतद्देशीय पाळक नेमा, असा त्याचा आग्रह होता. डिसेंबर 1854 मध्ये हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळकांच्या बाबतीत अँडरसन काळाच्या पुढे होता. शाळांच्या बाबतीत हा निर्णय महागात पडला: इंग्रजी हवी असलेली मुलं सरकारी आणि स्कॉटिश शाळांकडे गेली, आणि अमेरिकन मिशनचं बळ खेड्यापाड्यांकडे वळलं. त्या वळणातूनच नगर जिल्ह्याची ख्रिस्ती वस्ती घडली.

दुपारी दफनभूमी. जानेवारीत सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर तिरपं ऊन पडतं, तेव्हाच उथळ अक्षरं उठून दिसतात. भर दुपारी शिळा कोरीच वाटते. झाडाच्या सावलीतल्या शिळेवर आरशाने बाजूने उजेड टाकावा किंवा टॉर्च शिळेला जवळजवळ टेकवून धरावा. माती कोरड्या ब्रशने झाडावी आणि लागलंच तर साधं पाणी फवारावं. खडू, पीठ, लिंबू किंवा साबण लावू नये. आम्लाने संगमरवर झिजतो, आणि पीठ चरांत बसून शेवाळ धरतं. पापुद्रे सुटलेल्या दगडाला हातच लावू नये. प्रत्येक शिळेचा एक फोटो समोरून, एक तिरपा, आणि एक आजूबाजूच्या कबरींसह घ्यावा. तिसरा फोटो लोक विसरतात, आणि मग जागा पुन्हा सापडत नाही.

मोठ्या शिळा परदेशी नावांच्या असतात, बायबल घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बायकांच्या आणि खेड्यातल्या शाळामास्तरांच्या लहान, किंवा नसतातच. वह्या पाहायच्या त्या यासाठी.

संध्याकाळी उपासना-संगीत ऐकायला मिळालं तर चुकवू नये. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी इथे ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, पूर्वरंग-उत्तररंगासह. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला, पण त्यांची पुढची बरीच वर्षं नगर-राहुरीत गेली. आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते म्हणत, आणि त्यांचे अभंग ऐकताना त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसमुदाय मांडला, कारण परदेशी पगारावरची मंडळी मराठी मातीची होणार नाही असं त्यांचं मत झालं होतं. मंडळी स्वतःच्या पायावर उभी करायची हे अँडरसनचंही म्हणणं होतं. ते पगारपत्रकाबाहेर पडून करून पाहिलं टिळकांनी.

दिवस पाचवा: वडाळा आणि नाशिक

सकाळी सातला गाडी करून निघावं. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने, घोडेगाव मागे टाकून, चाळीसेक किलोमीटरवर वडाळा बहिरोबा. सॅम्युएल फेअरबँक 1857 पासून इथे राहिला. पक्ष्यांचा तो अभ्यासक होता, आणि पळणी टेकड्यांतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्याचं नाव आहे.

वडाळ्याभोवतीच्या गावांतला ख्रिस्ती समाज मुख्यतः महार आणि मांग कुटुंबांतून आला, त्यातला मोठा भाग 1876-78 च्या दुष्काळानंतर. ‘भाकरीसाठी धर्म बदलला’ हे वाक्य इथे फार सहज फेकलं जातं. ख्रिस्ती झालेल्या महाराचं वतन आणि बलुतं अडचणीत येई, गावची विहीर आधीही बंद होती ती नंतरही बंदच राही, आणि पाटलाचा राग वर. पदरात पडे ती शाळा, आणि नावाने हाक. हा हिशेब भाकरीपेक्षा मोठा होता. मिशनचा इतिहास बाबा पदमनजी, शेषाद्री, रमाबाई आणि टिळक अशा नावांनी सांगितला जातो. ती सगळी माणसं मोठीच, पण मंडळी भरली ती या गावांतून.

इथून नेवासे फाटा, श्रीरामपूर, बाभळेश्वर, लोणी, सिन्नर या मार्गाने नाशिकला साडेचार तास धरावेत. ऊस-हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे आणखी तासभर. दुपारी तीनच्या आत पोचायचं तर वडाळ्यातून साडेनऊच्या आत निघायलाच हवं.

नाशिकला शरणपूर रोड सगळ्यांना माहीत असतो, शरणपूर फारसं कोणाला माहीत नसतं. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लिश संस्थेने 1854 मध्ये ही ख्रिस्ती वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे आणून शिकवली गेली. 1864 मध्ये आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन मुंबईला आला तेव्हा त्याने चुमा आणि विकटानी ही दोन मुलं जॉन विल्सनच्या शाळेत ठेवली. पुढच्या वर्षी तो परतला तेव्हा शेवटच्या सफरीसाठी त्याने नाशिकच्या शाळेतूनही मुलं निवडली. 1 मे 1873 रोजी तो आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथेच पुरून प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटने. झाडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. चुमा, सुसी, वेनराइट आणि सोबत्यांनी देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेला, आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसलं, आणि नाशिकहून तिथे गेलेल्यांना लोक ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले.

परतीचा रस्ता मुंबईचा. गॉर्डन हॉल याच मुलखातून 1826 च्या मार्चमध्ये परत निघाला होता. नाशकात पटकीची साथ होती आणि जवळचं औषध त्याने तिथल्या रोग्यांना वाटून टाकलं होतं. वाटेत एका देवळाच्या आवारात त्यालाच पटकी झाली, आणि 20 मार्चला तो गेला. सोबत दोन तरुण पोरं होती, त्यांनी त्याला तिथेच रस्त्याच्या कडेला पुरलं.